जुन्या टेप भंगारात काढण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुनी हस्तलिखिते आणि छायाचित्रे जपण्याविषयी आपल्या वृत्तपत्रांतून वेळोवेळी लिहिले जाते; मात्र संगणकयुगाच्या पहिल्या चार दशकांतील हवामानाच्या, अवकाश संशोधनाच्या आणि जनगणनेच्या नोंदी ज्यांवर साठवल्या गेल्या, त्या चुंबकीय टेपांची आठवण सहसा जागा रिकामी करायची वेळ आली की होते. त्या वेळी एक तर रिळे सरसकट टाकून दिली जातात, नाही तर कोणी उत्साहाने एखादा जुना ड्राइव्ह (टेप वाचणारे यंत्र) मिळवून ती लावून बघतो. हा दुसरा प्रकार मला पहिल्याइतकाच घातक वाटतो.

टेपवरील लोह-ऑक्साइडचे कण पॉलिएस्टरच्या पट्टीला धरून ठेवणारे चिकटद्रव्य बहुधा पॉलियुरेथेनचे असते आणि ते हवेतील दमटपणा शोषून वर्षानुवर्षे विघटित होत जाते. अशी टेप फिरू लागली की हेडला (ड्राइव्हमधील टेप वाचणाऱ्या भागाला) चिकटते, कर्कश आवाज करते आणि हेडवर तपकिरी, चिकट थर साचतो. तो थर म्हणजे खरवडून निघालेली माहितीच होय. ती परत मिळत नाही. सुमारे 50 अंश सेल्सियसची नियंत्रित ऊब बराच काळ देऊन हा चिकटपणा तात्पुरता घालवता येतो, पण हा उपाय सगळ्याच टेपांना मानवत नाही, त्यामुळे ते काम जाणकारांकडेच सोपवावे.

1964 नंतर रूढ झालेल्या अर्धा इंची टेपवर नऊ समांतर ट्रॅक असतात: आठ माहितीचे आणि नववा तपासणीचा, म्हणजे पॅरिटीचा. मूळ ड्राइव्ह संकेताचा अर्थ जागच्या जागी लावतो आणि संकेत क्षीण असला की चूक दाखवून थांबतो. त्याऐवजी नऊही ट्रॅकचा अ‍ॅनालॉग संकेत (शून्य-एकात न बदललेला) हेडकडून येतो तसाच नोंदवून घ्यावा आणि अर्थ लावण्याचे काम नंतर सॉफ्टवेअरवर सोपवावे. मग टेप एकदाच फिरली तरी चालते आणि अर्थ लावण्याचे प्रयत्न हवे तितक्या वेळा करता येतात. टेप वाचून घेण्याचे काम बाहेर देणाऱ्या प्रत्येक संस्थेने ही अट करारातच घालावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

बाइट हाती आले तरी कोणत्या जागी कोणता आकडा आहे, हे सांगणारा कागद नसेल तर त्यांचा उपयोग मर्यादित राहतो. 1976 मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांच्या जैविक प्रयोगांची माहिती पुढे अभ्यासकांना हवी होती, तेव्हा टेपवरील रचना उलगडेना आणि जपून ठेवलेल्या छापील प्रतींचा आधार घ्यावा लागला. याउलट, 1966-67 मधील ‘लूनर ऑर्बिटर’ यानांची चंद्रचित्रे 2008 पासून टेपांवरून नव्याने मिळवता आली, कारण एका माजी अभिलेखपालांनी अँपेक्स कंपनीचे अवजड, दुर्मीळ ड्राइव्ह अनेक वर्षे स्वतःच्या जागेत सांभाळले होते. ही जबाबदारी एकट्या व्यक्तीच्या निष्ठेवर सोडणे योग्य नव्हे.

अलीकडच्या टेपांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. एलटीओ या आजच्या टेपप्रकारात आठव्या पिढीच्या (एलटीओ-8) ड्राइव्हला सहाव्या पिढीची (एलटीओ-6) टेप वाचता येत नाही. म्हणून ज्या संस्थांकडे रिळे आहेत, त्यांनी त्यांवरील लेबलांची छायाचित्रे काढावीत, रेकॉर्डची रचना सांगणाऱ्या वह्या रिळांबरोबरच ठेवाव्यात आणि टेपांवरील संकेत नोंदवून होईपर्यंत त्या वाचणारा शेवटचा ड्राइव्ह विकू नये, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त संगणक अभियंता