घर रिकामं करणाऱ्या शेजाऱ्यांसाठी डिपॉझिट निधी : वाशीकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

वाशीतल्या सिडकोनिर्मित इमारतींचा पुनर्विकास व्हावा की नाही, हा वाद आता संपल्यात जमा आहे. सेक्टर ९ आणि १० मधल्या जेएन-१, जेएन-२ टाइपच्या इमारतींवरून किती बैठका झाल्या, किती निवडणुकांत आश्वासनं मिळाली, हे इथल्या जुन्या माणसांना पाठ आहे. २०१५ मध्ये राज्य सरकारने अशा मोडकळीला आलेल्या इमारतींसाठी अडीच चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय), म्हणजे प्लॉटच्या अडीच पट बांधकाम मंजूर केलं, त्यानंतर गोष्टी हलू लागल्या. आता आपल्या गल्लीची पाळी आली आहे. इमारत बांधायला बिल्डर आहे, त्यासाठी आम्ही कुणापुढे हात पसरत नाही. घर सोडायची तारीख आणि बिल्डरकडून येणारा भाड्याचा पहिला चेक, यांच्या मधल्या काळात जी कुटुंबं अडचणीत येतात त्यांच्यासाठी हे आवाहन आहे.

हिशेब सांगतो. नवं घर होईपर्यंत बिल्डरने द्यायचं भाडं त्याच्याबरोबरच्या करारात ठरलेलं असतं, पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ते आपल्या घराची किल्ली बिल्डरला दिल्यावर सुरू होतं. ज्या घरात राहायला जायचं त्याचा मालक मात्र किल्ली देण्याआधी डिपॉझिट मागतो. एक महिन्याचं भाडं आगाऊ, एजंटची दलाली वेगळी. लीव्ह अँड लायसन्स कराराची (म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकराराची) नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये आणि मुद्रांक शुल्क पाव टक्का, हा त्यातला सगळ्यात किरकोळ खर्च. मग टेम्पो, हमाल, एसी काढून परत बसवायचा मेकॅनिक. ज्याच्या खात्यात दोन-तीन लाख पडून आहेत त्याला हे जाणवतही नाही. ज्याची शिल्लक म्हणजे भिशीचा येणारा नंबर, तो दागिने गहाण ठेवतो. शेजारच्या इमारती रिकाम्या झाल्या तेव्हा हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पुढे करोडोंचा फ्लॅट मिळणार म्हणून पेढे वाटलेली माणसं त्याच आठवड्यात सोनाराकडे चकरा मारत होती.

त्यात एकाच वेळी तीन-चार सोसायट्या रिकाम्या झाल्या की वाशी, सानपाडा, जुईनगर, कोपरखैरणे या पट्ट्यात भाडी वर जातात. करारातलं भाडं दोन वर्षांपूर्वीच्या बाजारभावाने ठरलेलं असतं. वरचा फरक ज्याने त्याने खिशातून भरायचा.

ही माणसं कोण, हे नव्या वाशीकरांसाठी थोडक्यात. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडच्या या जमिनीवर पहिली वसाहत वाशीत उभी राहिली. तेव्हा इथे लोकल नव्हती. मानखुर्दहून रेल्वे खाडी ओलांडून आली ती ९ मे १९९२ ला. त्याआधी बसने पूल ओलांडून लोक मुंबईला कामाला जात. कुणी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात होतं, कुणी कांदा-बटाटा बाजार १९८१ मध्ये इथे आला तेव्हा त्याच्या मागोमाग आलं. सातारा, सांगली, जुन्नर, कोकण इथून आलेल्या या लोकांना शहरात स्वतःच्या नावावर घर मिळालं ते केवळ सार्वजनिक संस्थेने परवडेल अशा हप्त्यावर दिलं म्हणून. खुल्या बाजारात त्यांना ते तेव्हाही जमलं नसतं, आजही जमणार नाही.

या इमारती आता डागडुजीच्या पलीकडे गेल्या आहेत. खाडीचा खारा, दमट वारा आणि वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची गळती, दोन्ही काँक्रीटमध्ये मुरतात. आतली सळई गंजते, गंजली की फुगते आणि काँक्रीटला आतून बाहेर ढकलते. म्हणून स्लॅबचे ढपले पडतात. वरून सिमेंट थापलं तरी आतला गंज चालूच राहतो, दोन पावसाळ्यांत ढपला त्याच जागी पुन्हा पडतो. तीस वर्षांपुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका अधिनियमाच्या कलम २६५अ नुसार बंधनकारक आहे. ऑडिटमध्ये सी-१ आलं म्हणजे इमारत ताबडतोब रिकामी करायची आणि पाडायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२ब म्हणजे राहत्या घरात दुरुस्ती. सी-१ ची नोटीस लागूनही जे राहतात त्यांचं पाणी-वीज तोडली जाऊ शकते. आणि एखाद्या सोसायटीचा बिल्डरच अजून ठरला नसेल तर बाहेर पडणाऱ्यांना भाडं कुणीच देत नाही. सगळ्यात वाईट अवस्था त्यांची.

म्हणून आपल्या रहिवासी मंडळाने डिपॉझिट निधी सुरू केला आहे. डिपॉझिट खर्च होत नाही, ते घरमालकाकडे पडून असतं आणि घर सोडताना परत येतं. तेव्हा ही रक्कम कुटुंबाला दान द्यायची गरज नाही, फक्त तेवढ्या काळापुरती कुणीतरी भरायला हवी. एका कुटुंबासाठी मंडळ ५०,००० रुपयांपर्यंत रक्कम भरेल. चेक थेट घरमालकाच्या नावाने जाईल आणि परतफेड मंडळाच्या खात्यात व्हावी, असं करारातच लिहिलं जाईल. व्याज नाही. एका इमारतीतले लोक नव्या घरात परतले की तीच रक्कम पुढच्या इमारतीच्या कामी येईल. म्हणजे तुम्ही आज दिलेले पैसे येत्या काही वर्षांत अनेक घरांतून फिरतील. सगळेच्या सगळे परत येतील असा दावा आम्ही करत नाही. रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिट कापणारे घरमालक आपण सगळ्यांनी पाहिलेत, आणि ती तूट निधीच सोसेल. निधीतला एक छोटा भाग मात्र परत न घेण्यासाठी वेगळा ठेवला आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा टेम्पो-हमालीचा खर्च आणि लांब राहायला गेलेल्या मुलांचं शाळेच्या बसचं भाडं त्यातून दिलं जाईल. वर्षाच्या मध्यावर दहावीच्या मुलाची शाळा बदलायला लावणं आम्हाला पटत नाही.

हा निधी भाडेकरूंनाही मिळेल. यावर मंडळाच्या बैठकीत बरीच वादावादी झाली, ती लपवण्यात अर्थ नाही. मूळ मालक पुण्याला किंवा खारघरला गेलेले, आणि त्यांच्या घरात दहा-पंधरा वर्षं राहिलेली कुटुंबं आपल्या प्रत्येक जिन्यात आहेत. पुनर्विकासात त्यांना ना भाडं, ना नवं घर. कायद्याने त्यात गैर काही नाही, लायसन्स संपलं की घर सोडायचं. पण गणपतीत मंडपाचे बांबू धरायला, करोनात शेजाऱ्याला ऑक्सिजन मिळवून द्यायला हीच मुलं पुढे होती. सभासदांचा पैसा सभासदांसाठीच, असं काहींचं म्हणणं होतं. म्हणूनच हा निधी सोसायट्यांच्या खात्यांपासून पूर्ण वेगळा ठेवला आहे. ज्यांना भाडेकरूंसाठी द्यायचं नाही त्यांनी पावतीवर तसं लिहावं, त्यांची रक्कम सभासदांच्याच कामी येईल.

पैशाइतकीच गरज वकिलांची आहे. किती तरी घरं अजून गेलेल्या वडिलांच्या नावावर आहेत. एक भाऊ इथे, एक गावी, बहीण सासरी, आणि नॉमिनेशनमध्ये आईचं नाव. नॉमिनी म्हणजे मालक, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही, तो वारसांच्या वतीने सांभाळणारा. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-१३ नुसार वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणून घेता येतं. वारस दाखला मात्र न्यायालयातूनच आणावा लागतो, तोही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली, आणि त्याला महिने जातात. तोवर भाड्याचा चेक कुणाच्या नावाने काढायचा यावर बिल्डरचा माणूस अडून बसतो. हे अर्ज फी न घेता लिहून देणारे वकील आम्हाला हवे आहेत. बिल्डर भाड्यातून टीडीएस कापत असेल, तर असं भाडं हे उत्पन्न नाही आणि त्यावर टीडीएस लागत नाही हा मुंबई उच्च न्यायालयाचा २०२४ चा निकाल समजावून सांगणारा एखादा सीएसुद्धा हवा आहे. कराराचे मसुदे वाचून देणारा इंजिनीयर मिळाला तर दुधात साखर.

आणि घरं हवी आहेत. वाशी ते कोपरखैरणे पट्ट्यात ज्यांचा फ्लॅट बंद पडून आहे त्यांनी तो चालू भाडेदराने आपल्या माणसांना द्यावा. एक विनंती स्पष्टच करतो : जात विचारू नका, ताटात काय असतं हे विचारू नका, एकट्या बाईला परत पाठवू नका. पोलीस पडताळणी आणि नोंदणीकृत करार मंडळ करून देईल.

डबे करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या वहिनींचा प्रश्न वेगळाच. घर बदललं की गिऱ्हाईक तुटतं. सेक्टरमध्ये एखादा रिकामा गाळा किंवा तळमजल्यावरची खोली दिवसा वापरायला मिळाली, तर मशिनं आणि शेगड्या तिथे ठेवता येतील. डबे मात्र आजपासूनच लावा, त्याला निधी लागत नाही.

नव्या टॉवरचा मेंटेनन्स हा पुढचा प्रश्न. लिफ्ट, जनरेटर, वॉचमन आणि माहितीपत्रकातला तो स्विमिंग पूल, यांचा महिन्याचा खर्च पेन्शनवर भागत नाही म्हणून नव्या घरात जाऊन वर्षभरात ते विकणारी माणसं असतात. त्यावर स्वतंत्र सभा घेऊ, आज त्यात शिरत नाही.

देणगीबाबत. मंडळ धर्मादाय आयुक्तालयाकडे नोंदलेलं आहे, पण ८०जी ची सवलत आपल्याकडे नाही, तेव्हा करात सूट मिळणार नाही. देणगी चेकने किंवा बँकेतून द्या, पावती घ्या. बिल्डर, त्यांचे कंत्राटदार आणि निवडणुकीला उभे राहणार असलेले कुणीही, यांच्याकडून आम्ही पैसे घेणार नाही. कुणी कितीही आग्रह केला तरी बॅनरवर नाव येणार नाही, कारण बॅनरच लावणार नाही. जमा-खर्च दर महिन्याला नोटीस बोर्डावर लागेल. मदत घेतलेल्यांची नावं त्यात नसतील, ती फक्त निधी समितीच्या वहीत राहतील.

कार्यालय रोज संध्याकाळी ७ ते ९ उघडं असतं. ज्यांना मदत हवी आहे त्यांनी सोसायटीच्या नोटिशीची प्रत, शेअर सर्टिफिकेट किंवा चालू भाडेकरार घेऊन यावं. कागद अपुरे असले तरी या, काय कमी आहे ते तिथे बसून पाहू. फ्लॅट द्यायचा असणाऱ्यांनी आधी फक्त पत्ता, मजला, लिफ्ट आहे की नाही आणि मागच्या वर्षीचं भाडं लिहून पाठवावं. गुडघे दुखणाऱ्या आजींना चौथ्या मजल्यावर पाठवायचं नाही, एवढीच त्यामागे काळजी.

आपले,
रहिवासी मंडळाची कार्यकारिणी,
वाशी, नवी मुंबई