डीव्हीडी उन्हात वाळवू नका

महोदय,

पाऊस ओसरला की आपल्याकडे अंगणात गाद्या, गोधड्या, पुस्तकं उन्हाला पडतात. हल्ली त्यांच्याच शेजारी लग्नाच्या, मुंजीच्या डीव्हीडीही पसरलेल्या दिसतात. कृपा करून तसं करू नका, हे कळवळून सांगण्यासाठी हे पत्र.

मी वेंगुर्ल्यात २००३ पासून लग्नाचं आणि जत्रेतल्या नाटकांचं शूटिंग करतो. गेल्या आठवड्यात एक काकी तीन डिस्क घेऊन आल्या. २००८ च्या जत्रेतलं दशावतारी नाटक, त्यात त्यांचे यजमान राजा झालेले. ते आता हयात नाहीत. डिस्क मीच राइट करून दिल्या होत्या. कपाटाला ओल आली म्हणून काकींनी त्या चार दिवस पडवीच्या पत्र्यावर ठेवल्या होत्या. "झिला, हेंचो आवाज तरी मेळात मां?" एवढंच त्यांनी विचारलं.

विकत मिळणाऱ्या सिनेमाच्या डीव्हीडीत साच्याने उठवलेले बारीक खळगे असतात. घरी किंवा स्टुडिओत राइट केलेल्या डिस्कचं तसं नसतं. प्रत्येकी ०.६ मिलिमीटरच्या दोन प्लास्टिक चकत्या चिकटवलेल्या असतात आणि त्यांच्या मधे रंगाचा एक पातळ थर असतो. राइट करताना लेसर तो रंग ठिकठिकाणी भाजत जातो. वाचताना ६५० नॅनोमीटरचा तोच लाल लेसर कमी ताकदीने फिरतो. भाजलेल्या आणि कोऱ्या जागेवरून उजेड कमीजास्त परत येतो, त्यातून चित्र आणि आवाज मिळतो. ऊन नेमका हाच रंग विटवतं, खिडकीच्या पडद्याचा विटतो तसाच. मग भाजलेलं कुठलं आणि कोरं कुठलं, ते ड्राइव्हला ओळखू येत नाही.

पहिल्या ड्राइव्हमध्ये डिस्क घातली, तर भिंग वरखाली होऊन नुसती खरखर. दुसऱ्यानेही नाकारली. तिसरा जुना आहे, सावकाश चालतो, त्याने धरली. माहितीची रेघ डिस्कवर आतून बाहेर गुंडाळत जाते. दोन वेढ्यांत अंतर ०.७४ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरात साडेतेराशे वेढे. सगळी उलगडली तर बारा किलोमीटरच्या आसपास भरेल. आतल्या वेढ्यांतले गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर सुखरूप निघाले. कडेला मात्र सांध्यातून ओल शिरून दुधी कडं धरलं होतं. प्रत्येक डिस्कची शेवटची वीसेक मिनिटं गेली. तिसरीवरचा दहीकाला त्यातच होता. दुसऱ्या डिस्कच्या मध्यावर पखवाज थांबला आणि राजाचं भाषण सुरू झालं, तेव्हा काकी स्टुलावरून उठून स्क्रीनजवळ येऊन उभ्या राहिल्या.

ज्यांच्या घरी अशा डिस्क आहेत त्यांनी त्या सावलीत, कोरड्या डब्यात, उभ्या ठेवाव्यात. वर कागदी स्टिकर लावू नये. आपल्या दमट हवेत तो सुटतो, फिरताना डिस्क थरथरते. पुसायची तर मऊ सुती कापडाने, मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ. गोल फिरवून पुसताना ओरखडा पडला तर तो रेघेच्याच दिशेने लांब जातो. चुका दुरुस्त करण्यासाठी डिस्कवर जादा माहिती असते, पण सलग एवढं गेलेलं तिलाही भरून काढता येत नाही. आडव्या ओरखड्यात प्रत्येक वेढ्याचा जरासाच तुकडा जातो, तो बहुतेकदा निभावतो.

आणि कॉपी करून घ्या, दोन ठिकाणी. दशावतारी कंपन्या, भजनी मंडळं, देवस्थानं यांच्या पेट्यांत अशी किती रेकॉर्डिंग पडून असतील! नवीन लॅपटॉपला ड्राइव्ह येत नाहीत, म्हणून जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी त्यातला ड्राइव्ह काढून ठेवा. माझ्याकडे चालू स्थितीतले तीन आहेत. गावातल्या मंडळांनी डिस्क घेऊन यावं, कॉपीचे पैसे मी घेणार नाही. हार्ड डिस्क तेवढी आपली आणावी.

एक व्हिडिओ शूटिंगवाला,
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग