रिकाम्या माळावर मला वाडा दाखवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

नाव छापू का, असं तुम्हाला विचारायचं राहून गेलं, म्हणून नुसतं ताई म्हणते. वयानं तुम्ही माझ्याच बरोबरीच्या असाल. हे पत्र लेक तुम्हाला इंग्रजीत वाचून दाखवेल. पण आभार मला माझ्याच भाषेत मानायचे होते आणि आमच्याकडच्या लोकांनाही तुमच्याबद्दल कळावं असं वाटत होतं, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय.

त्या दुपारी आमचा रस्ता चुकला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या फ्रेंच अझायलमला, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीतून पळालेल्यांनी वसवलेल्या गावाच्या जागी, पोचलो तेव्हा बंद व्हायला अर्धाच तास उरला होता. गाडीतून उतरून बघते तर सस्क्वेहॅना नदीच्या वळणावर नुसतं गवत. माझा गुडघा दुखत होता, लेकीचा चेहरा पडला होता. तुम्ही हातात किल्ल्या घेऊन निघालाच होतात. मी इतिहासाची शिक्षिका होते एवढं लेकीनं सांगितलं आणि तुम्ही किल्ल्या परत खिशात टाकल्यात.

मी सव्वीस वर्षं सांगलीत फ्रेंच राज्यक्रांती शिकवली. बास्तिल, गिलोटिन, 1789, सगळं फळ्यावर लिहून. पण जे पळून गेले ते गेले कुठे, हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. मलाच ठाऊक नव्हतं.

तुम्ही ते माझ्यासाठी सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलंत. फ्रान्समधून आलेले व्हायकाउंट द नोआय आणि ओमेर तालों यांनी पुढाकार घेतला, रॉबर्ट मॉरिस आणि जॉन निकोल्सन या जमिनींचे व्यवहार करणाऱ्या अमेरिकनांनी जमीन मिळवून दिली, आणि 1793 च्या शरद ऋतूत इथलं जंगल तुटायला लागलं. कागदाच्या चिटोऱ्यावर तुम्ही पेन्सिलीनं गावाचा आराखडा काढलात. 300 एकरांत 413 भूखंड, मधोमध दोन एकरांचा बाजारचौक. ओंडक्यांची घरं, पण खिडक्यांना काचा आणि आत भिंतींना रंगीत कागद! दरबारातून आलेल्या माणसांनी त्या रानातही भिंती सजवल्या, हे ऐकून मला गलबलून आलं.

पण त्याच दमात तुम्ही सांगितलंत, की इथे सां-दोमिंग या फ्रेंच वसाहतीतले (आजचं हैती) मळेवालेही आले होते, तिथल्या गुलामांच्या उठावातून पळालेले. ते तुम्ही झाकून ठेवलं नाहीत. त्यामुळे माझा तुमच्यावरचा विश्वास वाढला.

आणि मग ते पावलं मोजणं! 'ग्रांद मेझाँ', म्हणजे इथला तो मोठा वाडा, केवढी होती, असं मी विचारलं. आकडा सांगून तुम्हाला मोकळं होता आलं असतं. तुम्ही गवतात चालायला लागलात. 84 फूट लांब, मग वळून 60 फूट रुंद. चारही कोपऱ्यांवर वाळक्या फांद्या ठेवल्यात, माझा हात धरून मला बरोबर मध्ये उभं केलंत आणि म्हणालात, आता तुम्ही आत आहात. राणी मारी आंत्वानेतसाठी हे घर बांधलं अशी दंतकथा आहे, हे तुम्ही दंतकथा म्हणूनच सांगितलंत. त्याच 1793 मध्ये 16 ऑक्टोबरला पॅरिसात तिचा शिरच्छेद झाला. बातमी समुद्र ओलांडून यायला किती आठवडे लागले असतील! तोवर त्या चार फांद्यांच्या मधल्या जागेत लोक कोणाच्या आशेवर काम करत असतील, याचाच विचार मी बराच वेळ करत होते.

इथे राहिलेल्या द्यू पती-थुआर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याची हकीकतही मनातून जात नाही. आपल्या वाट्याचं रान तोडायला निघालेला हा माणूस पुढे 1798 मध्ये नाइलच्या लढाईत मारला गेला. जवळच्या ड्यूशोर गावाला त्याचंच नाव आहे, इथल्या लोकांच्या जिभेवर घासून घासून एवढंसं झालेलं.

मॉरिस आणि निकोल्सन यांचं दिवाळं निघालं, नेपोलियननं परत यायची मुभा दिली, आणि दहा वर्षांत गाव जवळपास रिकामं झालं. थोडी कुटुंबं राहिली. त्यांतल्याच लापोर्त कुटुंबाचं 1836 चं घर तुम्ही शेवटी उघडून दाखवलंत. पायऱ्या चढताना तुम्ही मागे उभ्या होतात, मी पडले तर धरायला. तुम्ही काही बोलला नाहीत, पण मला ते कळलं होतं.

तुमचा तो चिटोरा मी पासपोर्टात जपून ठेवलाय. मी पुढच्या महिन्यात सांगलीला परतेन. आमच्या शाळेच्या पटांगणावर मुलांकडून फक्कीनं 84 बाय 60 चा चौकोन आखून घेणार आहे. मुख्याध्यापकांशी फोनवर बोलणं झालंय. मुलं आत उभी राहिली की फोटो काढून पाठवते.

तुमची,
सांगलीच्या बाई