ताटातला मासा कुठला आणि कितीचा?

महोदय,

मासळीच्या ताटाच्या दरावरून पर्यटक आणि हॉटेलचालक यांच्यात होणारे वाद मालवणात दर हंगामात कानावर येतात. मुलीकडे इंग्लंडला गेलो असता यॉर्कच्या जुन्या भागात एका उंची ब्रासरीत, म्हणजे फ्रेंच धाटणीच्या हॉटेलात, जेवण्याचा योग आला. तिथली दरपत्रकाची पद्धत या वादाच्या संदर्भात आपल्या हॉटेलचालकांच्या नजरेस आणावीशी वाटते.

यॉर्क हे रोमनांनी वसवलेले आणि मध्ययुगीन तटबंदी अजून बऱ्याच अंशी शाबूत राखलेले शहर. आम्ही गेलो त्या ब्रासरीच्या दारातच दरपत्रक लावलेले होते. त्यातील दरांत २० टक्के मूल्यवर्धित कर धरलेला असल्याने, आत पाऊल टाकण्यापूर्वीच गिऱ्हाइकाला आपल्या खिशाचा अंदाज घेता येतो. खेकडा व्हिटबीचा, म्हणजे सुमारे ७५ किलोमीटरवरच्या बंदरातला, आणि गोड पदार्थातला रुबार्ब (आंबट देठांची एक वनस्पती) यॉर्कशायरचा, असे पदार्थाच्या नावातच लिहिलेले होते. मांसाच्या तुकड्यापुढे ग्रॅममध्ये वजन होते. ऑर्डर घेण्याआधी वेटरने कोणाला कशाची ॲलर्जी आहे का, हे विचारले. मासे, कवचाचे जीव, शेंगदाणे, तीळ, मोहरी अशा १४ घटकांची माहिती देणे तिथे कायद्याने बंधनकारक आहे. सेवाशुल्क ऐच्छिक असल्याचेही कार्डावर छापलेले होते, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथल्या मालकाला अशा रकमेतून स्वतःसाठी काही ठेवता येत नाही.

चवीबद्दल मात्र त्यांच्याकडून काही शिकावे असे मी म्हणणार नाही. लोण्यात परतलेला तिथला मासा तिरफळाची सवय असलेल्या जिभेला पथ्याचा वाटला, आणि बिलही चांगलेच जड होते. पण ते किती होणार हे आम्हाला आधीपासून ठाऊक होते.

आपल्याकडे अनेक हॉटेलांच्या कार्डावर सुरमई, पापलेट आणि कुर्ल्या यांच्यापुढे 'साइजप्रमाणे' एवढाच शब्द असतो. साइज कोण ठरवणार आणि वजन कोणासमोर करणार, याचा उलगडा बिल हाती पडल्यावरच होतो. लिलावात भाव रोज बदलतो, मग छापायचा कसा, हा हॉटेलचालकांचा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी छापील कार्डाची गरजच नाही. लिलाव आटोपल्यावर दारातल्या फळ्यावर खडूने त्या दिवसाचा शंभर ग्रॅमचा दर लिहावा आणि मासा गिऱ्हाइकासमोर तोलावा. बाजारातली मासेविक्री करणारी बाई तोंडावर भाव सांगते, तर एवढे मोठे हॉटेल का सांगू शकत नाही?

दुसरी गोष्ट हंगामाची. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, तरीही भर पावसात 'ताजी सुरमई' सर्रास मिळते. बर्फातला मासा विकण्यात गैर काही नाही, तो ताजा म्हणून विकण्यात आहे. खरे तर त्या दिवसांत आपल्या घराघरांत गोलमा (सुकी बारीक कोळंबी), सुके बांगडे, टाकळ्याची भाजी आणि कुळथाची पिठी शिजते. पण हे पदार्थ पाहुण्यांपुढे ठेवायची हॉटेलांना लाज वाटते की काय, कोण जाणे. एरवीसुद्धा 'रापणीचे', म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यातले, 'बांगडे' किंवा 'कर्लीच्या खाडीतल्या तिसऱ्या' असे कार्डावर कुठेच वाचायला मिळत नाही. किनाऱ्यावर रापण ओढली जाताना जो पर्यटक मोबाइलवर चित्रीकरण करत उभा राहतो, तो त्याच बांगड्यासाठी चार पैसे जास्त मोजायला कुरकुरणार नाही, आणि रापणकऱ्यालाही त्यातून बरा भाव मागता येईल.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. इतक्या वर्षांनंतर दर, वजन आणि मासा ताजा की बर्फातला, एवढ्या तीन गोष्टी दारावरच्या फळ्यावर लिहिण्याची पद्धत हॉटेल व्यावसायिकांनी आपणहून सुरू करावी, आणि गिऱ्हाइकासमोरच्या तराजूची तपासणी वैधमापन विभागाने हंगाम सुरू होण्यापूर्वी करावी, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, मालवण