पॅकेज एसी सुरू करण्यापूर्वी: सर्व सभासद मेकॅनिकांसाठी सूचना

पाऊस सरला, हॉटेलवाल्यांची घाई सुरू झाली. तरी सप्लाय दिल्या दिल्या कॉम्प्रेसर चालवू नका. क्रँककेस हीटर (कॉम्प्रेसरच्या तळाचं तेल गरम ठेवणारा) आधी किमान १२ तास, शक्यतो २४ तास चालू ठेवा. मालक कितीही ओरडो.

वायरिंगला हात लावण्याआधी आयसोलेटर (सप्लाय तोडणारा मुख्य स्विच) बंद करून त्याला कुलूप, किल्ली आपल्या खिशात. वाहतुकीत सैल झालेले टर्मिनल पुन्हा आवळा. गेल्या मोसमात कळंगुटला एक लग (वायरीच्या टोकाची जोडपट्टी) उघडली, तर तांब्यावर हिरवा थर! समुद्राची खारी हवा, दुसरं काय. अर्थिंग मात्र नळाच्या पाइपाला बांधू नका.

स्क्रोल कॉम्प्रेसर (सर्पिल चकत्यांनी गॅस दाबणारा) खडखडला आणि गॅसचा दाब दाखवणाऱ्या गेजचे काटे हलले नाहीत, तर तो उलटा फिरतोय. ताबडतोब बंद करून येणाऱ्या केबलच्या तीनपैकी कोणत्याही दोन फेज वायरी अदलाबदल करा.