सेलची स्टाइल दुसऱ्या शीटवर नेताना गळून पडत असल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक,
स्प्रेडशीट विभाग

महोदय,

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टेरी टॉवेल व चादरींचा कारखाना असून त्याची दरपत्रके, बिलांच्या नोंदी आणि उधारीच्या याद्या मी आपल्याच स्प्रेडशीटमध्ये ठेवते. आपली वर्गणी आम्ही नियमित भरतो. मात्र ताज्या अपडेटनंतर एकदा तयार केलेले सेलचे फॉरमॅट पुन्हा वापरण्याची सोय इतकी बिघडली आहे की रोजचे काम अडू लागले आहे.

आमच्या मूळ फाइलमध्ये ‘रक्कम’, ‘बिल क्रमांक’ अशा नावांच्या स्टाइल, म्हणजे नाव देऊन जतन केलेले सेलचे फॉरमॅट, केलेल्या आहेत. ‘रक्कम’ लावली की 1234567 हा आकडा 12,34,567 असा दिसतो आणि ‘बिल क्रमांक’ लावली की 47 हा 00047 असा उमटतो. पूर्वी असा सेल कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून फक्त फॉरमॅट चिकटवले, तर स्टाइलचे नावही सोबत जात असे. आता रंग, अक्षर आणि चौकट येते, पण स्टाइलच्या जागी ‘नॉर्मल’ लिहिलेले दिसते, रक्कम 1,234,567 अशी होते आणि बिलाचे 00047 नुसते 47 उरते. लाखांच्या जागी भलतीकडे स्वल्पविराम पडलेले दरपत्रक व्यापाऱ्याच्या हाती देता येत नाही.

आपल्या मदत केंद्राने यावर ‘फॉरमॅट पेंटर वापरा’ असे सुचवले. हा उपाय मला मान्य नाही. आपला पेंटर एका सेलचे त्या क्षणीचे रूप उचलून दुसरीकडे उतरवतो. स्टाइल मात्र नावाने जोडलेली असते, म्हणून तिच्यात एकदा बदल केला की ती लावलेला प्रत्येक सेल आपोआप बदलतो. उद्या रकमेपुढे पैसे दाखवायचे ठरले, तर तो बदल एका जागी करून भागावा, एवढ्याचसाठी आम्ही स्टाइल केल्या होत्या. नावच तुटल्यावर प्रत्येक शीट उघडून तोच बदल हाताने करावा लागतो, आणि एखादे शीट नजरेतून सुटले तर एकाच कारखान्याची दोन दरपत्रके दोन तऱ्हांची बाहेर जातात. शिवाय एक्सेलमध्ये पेंटरवर दोनदा क्लिक केले की एस्केप दाबेपर्यंत तो चालू राहतो; आपला पेंटर एका वापरानंतर बंद होतो.

मुदत उलटलेली उधारी लाल दाखवणारा कंडिशनल फॉरमॅटिंगचा नियमही प्रत्येक पेस्टबरोबर नव्याने जमा होतो. नियमांची यादी उघडली की तोच नियम तुकड्या-तुकड्यांच्या रेंजवर पुन्हापुन्हा लिहिलेला आढळतो आणि फाइल जड होत जाते.

तरी फॉरमॅट चिकटवताना स्टाइलचे नाव व आकड्यांची मांडणी पूर्ववत सोबत जावी, आणि एक्सेलमधील ‘मर्ज स्टाइल्स’प्रमाणे एका वर्कबुकमधील सर्व स्टाइल दुसऱ्यात एकदम आणण्याची सोय द्यावी, ही विनंती. दुरुस्तीला वेळ लागणार असेल, तर तोपर्यंत जुनी आवृत्ती बसवण्याची परवानगी द्यावी. मार्चअखेरचे हिशेब या अवस्थेत पुरे होणे कठीण आहे. दुरुस्ती कधीपर्यंत होईल, ते लेखी कळवावे.

ग्राहकांची नावे काढून टाकलेली नमुना फाइल सोबत जोडली आहे. तिच्या पहिल्या शीटवर मूळ सेल असून दुसऱ्या शीटवर चिकटवल्यानंतरची त्याची स्थिती आहे.

आपली विश्वासू,
हिशेबनीस, टॉवेल व चादर कारखाना,
सोलापूर