‘बॅरिअर रिपेअर’ किटमुळे चेहऱ्याला झालेली इजा आणि रक्कम परत मिळण्याबाबत तक्रार

कोल्हापूर

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: आपल्या ‘बॅरिअर रिपेअर’ किटमुळे झालेला त्रास, ग्राहक सेवेने दिलेला घातक सल्ला आणि किटची पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मी ‘बॅरिअर रिपेअर’, म्हणजे त्वचेचं संरक्षक कवच दुरुस्त करणारं, किट 1,899 रुपयांना मागवलं. बिल, बॅच क्रमांकाचे फोटो, चेहऱ्याचे फोटो आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. किटमध्ये फेसवॉश, टोनर, सीरम आणि क्रीम अशा चार वस्तू. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘नाजूक, बिघडलेल्या त्वचेसाठी’. ते वापरून माझी त्वचा सुधारली नाही, सोलून निघाली. तक्रार एवढीच असती तर पैसे पाण्यात गेले म्हणून मी गप्प बसले असते. प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट मानवतेच असं नाही, हे मलाही कळतं. पण खोक्यात जे भरलंय ते बघता या किटने कुणाची त्वचा दुरुस्त होईल, असं मला वाटत नाही. आणि त्रास सुरू झाल्यावर तुमच्या माणसांनी ‘बंद करा’ म्हणायचं सोडून ‘आणखी लावा’ म्हणून सांगितलं, ही माझी मुख्य तक्रार आहे.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटी विभागात काम करते. भट्टीची धग, वाळूची धूळ आणि मार्चनंतरचं इथलं ऊन, यामुळे गाल कोरडे पडून ओढल्यासारखे वाटायचे. म्हणून तुमची जाहिरात बघून किट घेतलं. सुरुवातीला चेहरा चकचकीत दिसला, खोटं कशाला बोला. मग टोनर लावला की नाकाच्या कडेला चुरचुरायला लागलं. पुढं पुढं नुसतं नळाचं पाणी मारलं तरी गाल झोंबायचे. हनुवटीवर पापुद्रे सुटले, डोळ्यांखाली लाल पट्टे उठले, शिफ्टमध्ये घाम आला की रुमाल लावायची सोय राहिली नाही. सासूबाई म्हणाल्या, “अगं, तोंड भाजल्यागत झालंय की तुझं! भट्टीत डोकावलीस काय?”

तेव्हा मी तुमच्या चॅटवर फोटो पाठवले. उत्तर आलं: ‘मॅम, घाबरू नका, हे पर्जिंग आहे. आतली टॉक्सिन्स बाहेर पडत आहेत. टोनर दोन्ही वेळेस चालू ठेवा आणि सोबत आमचा पीलिंग मास्क आठवड्यातून दोनदा वापरा.’ खाली मास्कची लिंक. मी पुन्हा लिहिलं की पाणीसुद्धा लागतंय, आग होतेय. त्यावर तोच मजकूर जसाच्या तसा आला, आणि वर पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन!

पर्जिंगबद्दल डॉक्टरांनी मला दोन मिनिटांत समजावलं. ॲसिड किंवा रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं द्रव्य) लावल्यावर त्वचेची उलाढाल वाढते आणि आत दबलेल्या पुटकुळ्या लवकर वर येतात. त्या येतात त्याही नेहमीच्याच जागी. आग होणं, पाणी झोंबणं, कातडी ताणणं, पापुद्रे सुटणं हे पर्जिंग नव्हे, ती सरळ इजा आहे. आणि त्वचेतून ‘टॉक्सिन्स’ बाहेर पडत नसतात, त्यासाठी यकृत आणि मूत्रपिंडं आहेत. तुमच्या चॅटवर बसणाऱ्या मुला-मुलींना मी दोष देत नाही, त्यांच्यापुढं कुणीतरी लिहून ठेवलेला मजकूर असणार. तो लिहिणाऱ्याला मात्र मला विचारायचंय, की चेहऱ्याची आग होतेय म्हणणाऱ्या बाईला पीलिंग मास्क विकायचा, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

आता खोक्यातल्या मालाकडे वळते. आमच्याकडे मालाबरोबर टेस्ट सर्टिफिकेट आलं नाही तर माल गेटच्या आत येत नाही, त्यामुळे बारीक अक्षरं वाचायची मला सवय आहे. तुमची अक्षरं इतकी बारीक, की कास्टिंगवरचे तडे बघायची लेन्स घ्यावी लागली.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर बहुतेक ठिकाणी 10 ते 20 मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे आमच्या मायक्रोमीटरवर एक-दोन रेघा. त्यात मृत पेशी असतात आणि त्यांना धरून ठेवणारी स्निग्ध द्रव्यं: सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड. यांतली साधारण निम्मी सेरामाइड असतात. आमच्याकडे कोअर, म्हणजे साच्यात बसवायचा वाळूचा गाभा, करताना वाळूचे दाणे बाइंडरनं धरलेले असतात. बाइंडर जळाला की दाणे तेवढेच असूनही कोअर हातात चुरतो. त्वचेचंही तसंच. ही स्निग्ध द्रव्यं गेली की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं काहीही आत शिरून झोंबायला लागतं. म्हणजे बॅरिअर दुरुस्त करणाऱ्या वस्तूनं ही द्रव्यं भरून काढली पाहिजेत, निदान आहेत ती तरी धुऊन नेऊ नयेत.

तुमच्या फेसवॉशच्या यादीत पाण्यानंतर मायरिस्टिक ॲसिड, स्टिअरिक ॲसिड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड आहे. ही तीन नावं एकत्र आली की तयार होतो तो साबणच, बाटलीवर ‘सोप-फ्री’ छापलेलं असलं तरी. आमच्या मशीन शॉपमध्ये कूलंटचा (यंत्रकामात थंडावा देणाऱ्या द्रवाचा) पीएच बघायच्या पट्ट्या असतात; पीएच 7 च्या खाली म्हणजे आम्ल, वर म्हणजे अल्क. त्यातली एक तुमच्या फेसवॉशच्या फेसात बुडवली. पट्टीचा रंग 9 च्या खणाला जुळला. कूलंटसुद्धा आम्ही साधारण तेवढ्यावरच ठेवतो, लोखंडाला गंज चढू नये म्हणून. माणसाच्या त्वचेचा पीएच साधारण 4.5 ते 5.5 असतो आणि सेरामाइड तयार करणारी एन्झाइम्स याच आम्लतेत नीट काम करतात. पट्टी म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे, हे मान्य. पण 5 आणि 9 मधला फरक पट्टीलाही कळतो.

टोनरची पट्टी 3 आणि 4 च्या मध्ये आली. त्यात ग्लायकोलिक ॲसिड आहे, किती टक्के ते कुठंही लिहिलेलं नाही. ग्लायकोलिक वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. डॉक्टर स्वतः त्याचे पील करतात. पण ते पेशींची एकमेकींवरची पकड सैल करून वरचा थर उतरवण्यासाठी असतं. ज्या त्वचेचा वरचा थर आधीच उघडा पडलाय तिच्यावर ‘सकाळ-संध्याकाळ लावा’ असं तुम्ही छापता, तेही सकाळी, उन्हात निघण्याआधी. अशा ॲसिडनं त्वचा उन्हाला जास्त हळवी होते आणि वापर थांबवल्यावरही काही दिवस तशीच राहते. अमेरिकेतल्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेचं मार्गदर्शन आहे की अशा उत्पादनावर उन्हाबद्दलची सूचना छापावी. तुमच्या बाटलीवर एक ओळ नाही. शिरोलीला रोज दुचाकीवरून जाणाऱ्या माणसाला ती ओळ किती कामाची होती, हे वेगळं सांगायला नको.

सीरमबद्दल फार बोलत नाही. त्यात नायसिनमाइड (ब-3 जीवनसत्त्वाचा प्रकार) आहे, ते चांगलंच आहे, पण लिंबाचं आणि संत्र्याचं तेल कशासाठी? वासासाठी?

राहिलं क्रीम. खोक्यावर ‘ट्रिपल सेरामाइड’ म्हणून मिरवलंय. यादीत सेरामाइड कुठं आहे? सुगंधानंतर, फिनॉक्सिइथेनॉल या माल टिकवणाऱ्या द्रव्याच्याही नंतर, अगदी शेपटाला. आपल्या नियमांप्रमाणे 1 टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं लिहावे लागतात, त्याखालचे पुढे कसेही. फिनॉक्सिइथेनॉल 1 टक्क्याच्या वर घालताच येत नाही. म्हणजे त्याच्या मागची सगळी मंडळी 1 टक्क्याच्या आतली. सेरामाइड थोड्या प्रमाणातही काम करतं, हे मला माहीत आहे; माझा आक्षेप प्रमाणावर नाही. बिघडलेल्या त्वचेच्या क्रीममध्ये सुगंध सेरामाइडच्या पुढं बसलाय, यावर आहे. कोलेस्टेरॉलचं तर नावही नाही.

आणि ते ‘डर्मॅटॉलॉजिस्ट टेस्टेड’. कुणी तपासलं, किती जणांवर, निकाल काय लागला? आमच्याकडे रोज कितीतरी कास्टिंग टेस्ट होतात आणि त्यातली काही भंगारात जातात. तपासलं एवढं सांगून भागत नाही.

शेवटी मी राजारामपुरीतल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पहिल्यांदा चारही बाटल्या बंद करायला लावल्या. सकाळी नुसतं कोमट पाणी. रात्री एकदाच साबण नसलेला, बिनवासाचा क्लीन्झर. चेहरा सुती कापडानं टिपायचा, घासायचा नाही. तो ओलसर असतानाच ग्लिसरीन आणि सेरामाइड असलेलं साधं मॉइश्चरायझर लावायचं, आणि झोपताना नाकाच्या कडेला, ओठांच्या कोपऱ्यांना पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. जेली त्वचेला काही पुरवत नाही, पण पाणी उडू देत नाही. तेवढ्या वेळात त्वचा आपलं काम आपण करते. दिवसा झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन आणि स्कार्फ. कढत पाणी, वाफ, स्क्रब, उटणं सगळं बंद. सासूबाईंनी दही-लिंबाचा आग्रह धरला होता, तो डॉक्टरांच्याच तोंडून मोडून काढावा लागला. लिंबाचा रस तुमच्या टोनरपेक्षाही आंबट, आणि वर ऊन लागलं की डाग पडायची भीती.

आधी झोंबणं थांबलं, मग पापुद्रे गेले, लाली सगळ्यात शेवटी उतरली. त्वचा पूर्ण नवी व्हायला साधारण 4 आठवडे आणि वय वाढेल तसे त्याहून जास्त लागतात, त्यामुळे घाई करून उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले ते खरं निघालं. या सगळ्या सामानाची किंमत तुमच्या किटच्या निम्म्याहून कमी झाली. डॉक्टरांची फी धरली तर मात्र हिशेब तुमच्या वरताण जातो, आणि ती फी मला तुमच्यामुळे भरावी लागली.

पैसे परत मागितल्यावर तुमच्याकडून उत्तर आलं की ‘उघडलेलं उत्पादन परत घेतलं जात नाही’. बाटली न उघडता चेहऱ्याला कशी लावायची, हे कुणी सांगेल का? ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. त्याच नियमांप्रमाणे या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं.

माझं मागणं असं आहे. किटचे 1,899 रुपये आणि डॉक्टरांची फी मिळून पूर्ण रक्कम मूळ खात्यावर जमा करावी; कूपन नको. टोनरमध्ये ग्लायकोलिक किती टक्के आहे, चारही उत्पादनांचा पीएच किती आहे आणि ती ‘टेस्ट’ काय होती, हे लेखी कळवावं. टोनरच्या बाटलीवर उन्हाची आणि उघड्या, सोललेल्या त्वचेवर न लावण्याची सूचना छापावी, फेसवॉशवरचं ‘सोप-फ्री’ काढावं. आणि पैशांच्याही आधी, ‘आग होतेय’ असं कुणी लिहिलं तर ‘वापर थांबवा, डॉक्टरांना दाखवा’ एवढंच उत्तर जाईल अशी व्यवस्था आजच करावी. त्याला ना नवीन लेबल लागतं ना नवीन बॅच. माझ्यासारखे फोटो आत्ता या घडीला कुणीतरी तुम्हाला पाठवत असेल.

महिन्यात समाधान झालं नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि लेबलचे फोटो अन्न व औषध प्रशासनाकडे देईन. तुमचं ऑफिस दुसऱ्या शहरात असलं तरी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते तिथल्या, म्हणजे कोल्हापूरच्या, जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. तिथवर जायची मला हौस नाही, पण गेले तर कागद पुरे घेऊन जाईन.

चारही बाटल्या झाकण लावून बॅच क्रमांकासह जपून ठेवल्या आहेत. न्यायला कुरिअर पाठवणार असाल तर आदल्या दिवशी कळवावं. पहिली पाळी असल्यामुळे मी दुपारी चारनंतरच घरी असते. प्रत्येक बाटलीतला थोडा थोडा नमुना मात्र मी माझ्याकडे ठेवून घेणार आहे.

कळावे,

आपली,
एक ग्राहक
कोल्हापूर